हावदीस अजून ओली आहे

हावदीस पाण्यात पडली तेव्हा ब्रांडुर स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता आणि डोळे पुसत होता.

पुढे गावाने जो घोळ घातला तो इथे नको, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं: ही हावदीस म्हणजे पुस्तक. कमरेखाली मासळी आणि कमरेवर राणी अशी ती हावदीस, दीपगृहाचा राखणदार ओर्री, आणि दोघांच्या मध्ये अख्खा समुद्र. ही प्रेमकथा गेली कित्येक वर्षं भागाभागाने येत होती आणि आमच्या सेलावीक या बंदरगावातल्या बायकांनी तिच्यापायी किती भांडी करपवली याचा हिशोब नाही. मागच्या भागात हावदीस किनाऱ्यावरच्या खडकावर येऊन बसते, शेपूट सोडून जमिनीवर यायचं की परत फिरायचं याचा विचार करू लागते, आणि पुस्तक संपतं. ब्रांडुरची बायको सोलवेग तेव्हापासून तिच्याबरोबर त्या खडकावर बसून होती. शेवटचा भाग या नाताळला आला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तक द्यायचं आणि ते घेऊन अंथरुणात शिरायचं, ही आमच्याकडची रीत. ब्रांडुरला ती मान्य नव्हती. त्याचं म्हणणं, भेट उपयोगाची हवी. गेल्या नाताळला त्याने सोलवेगला बर्फ उपसायचं फावडं दिलं. चांगलं होतं फावडं, हलकं, मुठीला रबर लावलेलं. सोलवेगने त्याचे आभार मानले आणि मग ईस्टरपर्यंत हवामानाखेरीज दुसऱ्या कुठल्याही विषयावर ती त्याच्याशी बोलली नाही. एवढं झाल्यावर दगडालाही कळलं असतं. यंदा पुस्तक दुकानात आल्या दिवशीच ब्रांडुरने ते घेतलं, बंदरावरच्या जाळ्यांच्या खोलीत लपवलं आणि निर्धास्त झाला.

तिथेच थांबायचं होतं. पण एक दिवस त्याच्या मनात आलं, हल्ली छापखान्यांचा भरवसा नाही, पानं सगळी आहेत ना ते बघून घ्यावं. बघायला म्हणून त्याने पहिलं पान उघडलं, आणि संध्याकाळी सोलवेगचा जेवायला बोलवायचा फोन आला तेव्हा तो समुद्राच्या तळाशी, राजवाड्याच्या तिसऱ्या दालनात होता.

जाळ्यांच्या खोलीत थंडीने बोटं वळेनात. घरी वाचायची सोय नाही. डिसेंबरात होडी किनाऱ्यावर ओढलेली, म्हणजे सकाळी काम नाही. उरलं तरणतलावाचं उघड्यावरचं गरम कुंड. अंधारात, पाण्याच्या वाफेत, पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुस्तक नेऊन तो रोज तिथे बसू लागला. आणि त्या सकाळी, शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी, ओर्री खडकावर उभा राहून हाका मारतोय आणि हावदीस वळून बघत नाहीये, अशा जागी आला. तेवढ्यात दार करकरलं आणि टॉवेल सावरत शेजारीण थोरा आली.

थोराने एक गोष्ट बघितली की गावाने बघितली. ब्रांडुरला दुसरं काही सुचलं नाही. त्याने पुस्तक पाण्याखाली घेतलं आणि त्यावर बसला.

"डोळे का रे लाल तुझे?" थोरा पाण्यात उतरता उतरता म्हणाली.

"क्लोरीन."

"मला नाही होत कधी क्लोरीनने." ती समोर ऐसपैस बसली. "सोलवेग बरी आहे ना?"

"बरी आहे."

"भांडलात?"

"नाही गं बाई."

तेवढ्यात पानांमधली हवा सुटायला लागली. ब्रांडुरच्या बुडाखालून एकेक बुडबुडा वर येऊ लागला. थोरा ते बघत राहिली. ब्रांडुर आकाशाकडे बघत राहिला. मग एकदम मोठा बुडबुडा आला. बहुतेक राजवाड्याचं ते तिसरं दालन असावं.

"पोट ठीक नाही का रे?"

"काल कोबी होता," ब्रांडुर म्हणाला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, पण उठायची सोय नव्हती. थोराने तिच्या गुडघ्याचं दुखणं, सुनेचं वागणं आणि घाट बर्फाने बंद होणार ही बातमी असं सगळं सावकाश सांगितलं. ती उठून गेली तोवर पुस्तक पिऊन पिऊन तट्ट झालं होतं.

तलावावर काम करणारी बाई खिडकीतून सगळं बघत होती. आता योगायोग म्हणा की आणखी काही, तिचंही नाव हावदीस. गावात या नावाची ती एकटीच. ती टॉवेल घेऊन धावत आली, ब्रांडुरच्या हातातला लगदा बघितला आणि ओठ चावून हसू दाबू लागली.

"माझ्याच नावाची बाई बुडवलीस की रे!"

"हसू नको. सोलवेगसाठी घेतलंय. तिला कळलं तर मी संपलो." ब्रांडुरने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "हावदीस, सोलवेगला सांगू नकोस. पाया पडतो. कुणालाच सांगू नकोस."

"नाही सांगत, शपथ. पंपखोलीत गरम पाइप आहेत, तिथे सुकवू. पण रोज यावं लागेल हं, पानं सुटी करायला. मला एकटीला नाही जमायचं."

"रोज येतो. कुणी नसेल तेव्हा."

थोरा टोपी विसरली होती, ती घ्यायला परत आलेली. ती दाराआडूनच माघारी फिरली, टोपी न घेता.

ब्रांडुर थेट दुकानात गेला. दुसरी प्रत मिळाली तर प्रश्नच मिटला. दुकानदारीण मागनेआ लोकरीचे मोजे दोरीवर टांगत होती.

"संपली," ती म्हणाली. "थोड्याच आल्या होत्या. आता घाट बंद. नव्या वर्षातच येतील."

"कुणी कुणी नेल्या तेवढं सांग. मी विनंती करून बघतो."

"नाताळच्या आधी कुणी काय घेतलं ते मी नवऱ्यालाही सांगत नाही." मग ती त्याच्याकडे बघून चमत्कारिक हसली. "आणि एका घरात किती रे लागतात तुम्हाला..." एवढं बोलून तिने जीभ चावली आणि मोज्यांकडे वळली.

ब्रांडुरच्या मनात पाल चुकचुकली. पण काय ते त्याला कळेना, आणि त्याला घाई होती.

दोन दिवसांनी थोरा सोलवेगच्या स्वयंपाकघरात पोचली. थोरा कादंबऱ्या वाचत नाही. ती वर्तमानपत्रातले मृत्युलेख वाचते, तेही जिवंत माणसांबद्दल काही कळतंय का म्हणून. तेवढे दिवस तिने डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली होती, आणि एकदा ब्रांडुर बंदरावर फोनवर बोलत असताना ती नेमकी त्याच्या होडीमागे बुटाची नाडी बांधत होती.

"मन घट्ट कर, सोलवेग. ब्रांडुरचं त्या तलाववाल्या हावदीसशी काहीतरी आहे. पंपखोलीत जातो रोज."

सोलवेग कॉफी ओतत होती. "कशावरून?"

"कानांनी ऐकलं. म्हणाला, हावदीस अजून ओली आहे का? म्हणाला, पाठीकडून सुटायला लागली असेल तर ओढू नकोस, मी आल्यावर हळूहळू बघू. मला तर मेलं ऐकवेना." थोराने केकचा तुकडा साखरेत घोळवून खाल्ला. "आणि कुंडात कसला तरी उद्योग चालला होता त्याचा. बुडबुडे येत होते. मी सांगते तुला, पाणी कुठेतरी मुरतंय."

सोलवेगचा हात मध्येच थांबला. मग तिने थोराचा कप काठोकाठ भरला. "असं होय," ती म्हणाली, आणि एवढंच.

नवरा असा निघाल्यावर बायको 'असं होय' म्हणते, हे थोराला अजिबात पटलं नाही. तिला आता सोलवेगचाही संशय यायला लागला. हा संशय तिने पुढच्या तीन घरांत बोलून दाखवला.

त्या दिवसापासून ब्रांडुरच्या घरात दोन माणसं एकमेकांना चोरून बघत वावरू लागली.

"हल्ली फार पोहतोस," सोलवेग मासा वाढता वाढता म्हणाली.

"पाठ दुखते."

"पाठ. अच्छा. मग सुटतेय का, की अजून चिकटलेली आहे?"

ब्रांडुरच्या घशात बटाटा अडकला. हिला कळलं! पण काय कळलं? पुस्तकाचं कळलं असतं तर तिने फावडं उचललं असतं. म्हणजे गावात जे बोलतात ते कळलं. गावात काय बोलतात ते ब्रांडुरच्या कानावर आलं होतं. बंदरावरचे लोक त्याला बघून खोकायला लागले होते. ते खोटं आहे हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य पुस्तकाबद्दलचं होतं.

शिवाय सोलवेगचं वागणंही बदललं होतं. ती शिवणाच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, पडदे शिवतेय. मशीनचा आवाज येत नसे. एकदा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"रडलीस का गं?" ब्रांडुरने घाबरत विचारलं.

"कांदा चिरला."

जेवायला उकडलेला मासा होता आणि वर लोणी. कांद्याचं नाव नव्हतं. ब्रांडुर मुकाट्याने जेवला आणि त्याला भडभडून आलं. ही बाई आपल्यापायी दार लावून रडते, आणि आपण तिला काही सांगू शकत नाही! त्या रात्री त्याला फार वाईट वाटलं. एकदा बोलून टाकावं असंही वाटलं. मग त्याला फावडं आठवलं, ईस्टर आठवला, आणि तो कुशीवर वळला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळच्याही आदल्या दिवशी, दुपारी, अख्खं गाव मासळीच्या गोदामात जमून पाकट हा चपटा मासा आंबवून खातं. त्या वासाने परक्याचा जीव जाईल. आमच्या नुसत्या डोळ्यांना पाणी येतं. त्यामुळे त्या दिवशी कोण खरं रडतंय हे सांगता येत नाही. ब्रांडुर सोलवेगच्या शेजारी बसला होता. समोरच्या टेबलावर हावदीस, आणि तिचा नवरा केटिल. केटिल बंदरावरची क्रेन चालवतो, आणि क्रेन बिघडली तर माल हातानेच उतरवेल असा दिसतो. बोलतो मात्र कमी. त्या दिवशी तो उभा राहिला.

"ब्रांडुर," तो म्हणाला, "माझ्या बायकोबरोबर पंपखोलीत काय करतोस?"

गोदामात काटे-चमचे थांबले. थोराने खुर्ची वळवून घेतली, म्हणजे मान दुखायला नको.

ब्रांडुरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हावदीसकडे बघितलं. तिने शपथ घेतली होती आणि ती पाळत होती; तोंडावर रुमाल दाबून ती गदगदा हलत होती. लोकांना वाटलं, रडते. खरं सांगायचं तर केटिलला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्यावरून मत्सर वाटताना बघून तिला मनातून गुदगुल्या होत होत्या, आणि हे इतक्यात संपावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

"बोल," केटिल म्हणाला.

ब्रांडुरने सोलवेगकडे बघितलं. ती बटाटा सोलत होती. खरं सांगितलं तर अब्रू वाचेल आणि भेट जाईल. नाही सांगितलं तर भेट राहील आणि दात जातील. त्याने दातांचा विचार केला. खोटे बसवता येतात.

"आता नाही सांगता येणार," तो म्हणाला. "नाताळ होऊ दे, मग सांगतो."

"ऐकलंत!" थोरा कुणालाच उद्देशून नसल्यासारखी ओरडली. केटिल टेबलाला वळसा घालून निघाला. माणसं पटापट बाजूला झाली. कुणी अडवायला पुढे झालं नाही, पण बशा मात्र उचलून घेतल्या.

"केटिल, खाली बस," सोलवेग म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाकट निवतंय. माझा नवरा काय करतो ते मी बघते. उद्या संध्याकाळ झाली की तुला कळेल."

केटिल घुटमळला. बायकोच नवऱ्याच्या बाजूने उभी राहिल्यावर मारायचं कुणाला, हा प्रश्न होता. तो परत जाऊन बसला. ब्रांडुरच्या पाचावर धारण बसली ती आता. 'मी बघते' म्हणजे काय बघते ही?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला रेडिओवर चर्चच्या घंटा वाजल्या, जेवण झालं, आणि ब्रांडुरने नाताळच्या झाडाखालचं पुडकं सोलवेगच्या मांडीवर ठेवलं. पुस्तक सुकलं होतं, पण सुकताना दुप्पट फुगलं होतं. सोलवेगने पुडक्याचा अंदाज घेतला. "पाव आहे का?"

"उघड तर."

तिने कागद काढला. मुखपृष्ठावरच्या हावदीसचा रंग उतरून ती पांढरीफटक झाली होती. शेपूट तेवढं हिरवं राहिलं होतं. पुस्तक मिटेना, ते मांडीवर पंख्यासारखं उघडून राहिलं.

"ही पोहून आलेली दिसते," सोलवेग म्हणाली.

मग ब्रांडुरने सगळं सांगितलं. कुंड, थोरा, बुडबुडे, पंपखोली, केटिल. "मी वाचत नव्हतो गं. पानं सगळी आहेत ना, एवढंच बघत होतो." सांगता सांगता तो पुडक्याच्या कागदाची घडी घालत होता. "यंदा मला चुकायचं नव्हतं."

सोलवेगने पुस्तक दिव्याकडे धरलं. तिने पानं उलटली. बाकी सगळं वाचता येत होतं. शेवटचं प्रकरण मात्र चिकटून एक वीट झालं होतं.

"शेवट गेला," ती म्हणाली.

"मी वाचलाय," ब्रांडुर पटकन म्हणाला. वाचला नव्हता. "मी सांगतो ना तुला. ओर्री हाका मारतो. हावदीस वळत नाही. मग..." त्याने भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं, दाराशी टेकवून ठेवलेल्या फावड्याकडे बघितलं. "मग बर्फ पडायला लागतो. ओर्रीला वाटतं, ही वर आली तरी चालणार कशी, हिला पायांची सवय नाही. म्हणून तो खडकापासून दीपगृहापर्यंत वाट उपसायला लागतो. फावड्याने. बोलायला त्याला येत नाही, ते त्याला कधीच आलं नाही, पण उपसायला येतं. रात्रभर उपसतो. सकाळी तिने बघितलं तर वाट तिच्या शेपटीपर्यंत आलेली. मग ती शेपूट सोडून उठते आणि त्या वाटेने चालत घरी येते."

सोलवेग टक लावून त्याच्याकडे बघत होती. पाकट तर कालच संपलं होतं, तरी तिचे डोळे भरले होते.

"आणि बहिणीचं काय होतं?" तिने विचारलं. "तिने ओर्रीची होडी फोडल्यावर..." ती एकदम थांबली.

"कुठली होडी?" ब्रांडुर म्हणाला. "होडी कुठे फोडली? मी शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळं..." मग त्याच्या डोक्यात एकेक दिवा लागू लागला. मागनेआची चावलेली जीभ. शिवणाची मुकी मशीन. कांदा. "सोलवेग, तुला कसं माहीत?"

सोलवेगने उठून झाडामागून एक पुडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "हे तुझं."

आत तेच पुस्तक होतं. मुखपृष्ठावरची हावदीस रंगीत, टवटवीत. फक्त पुठ्ठ्यावर कॉफीच्या कपाचा गोल उमटला होता आणि पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"तू माझ्यासाठी घेशील याचा मला भरवसा नव्हता," सोलवेग म्हणाली. "म्हणून आल्या दिवशीच माझी मी घेतली. मग थोरा येऊन म्हणाली, हावदीस ओली आहे, पाठीकडून सुटतेय. तेव्हाच मला कळलं, ओली झालीय ती कोण आणि शेवट वाचायचा राहिलाय तो कुणाचा. म्हटलं, हीच तुला द्यावी."

"ही तू वाचलीस?"

"छे. पानं सगळी आहेत ना, एवढंच बघितलं."

ब्रांडुरला हसावं की रागवावं ते ठरवता येईना. त्याने आधी शेवटचं प्रकरण काढलं आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. सोलवेगने बशा उचलल्या, कॉफी केली, चॉकलेटचा डबा उघडला. बाहेर केटिलची गाडी येऊन थांबली होती; संध्याकाळी खरं काय ते कळेल, असं सोलवेगने त्याला सांगितलं होतं. तिने खिडकीतूनच ते फुगलेलं पुस्तक वर धरलं. केटिलने बराच वेळ ते बघितलं, मान डोलावली आणि गाडी वळवली. हावदीसला त्याने घरी जाऊन काय सांगितलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पंपखोलीचं बिघडलेलं दार तो स्वतः दुरुस्त करत होता.

"हे काय!" ब्रांडुर ओरडला. "ती परत जाते?"

"जाते."

"आणि ओर्री?"

"दिवा लावत बसतो."

"म्हणजे इतकी वर्षं वाचून..." त्याने पुस्तक मिटून टेबलावर आपटलं. "मी सांगितलं त्यात ती आली होती!"

"म्हणून तर," सोलवेग म्हणाली. ती पांघरुणात शिरली होती आणि ती फुगलेली, मिटायचं नाव न घेणारी हावदीस तिने छातीशी धरली होती. "ये इकडे. पुन्हा सांग. फावड्यापासून."